घरच्या घरी मऊसूत हमस: चणे भिजवण्यापासून वाढण्यापर्यंत

हमस हा पूर्व भूमध्य सागराच्या किनाऱ्यालगतच्या प्रदेशाचा, म्हणजे लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाईन, जॉर्डन आणि इस्रायल या पट्ट्याचा रोजच्या जेवणातला पदार्थ आहे. अरबी भाषेत ‘हुम्मुस’ या शब्दाचा अर्थ नुसता ‘काबुली चणा’ एवढाच होतो. पदार्थाचे पूर्ण नाव ‘हुम्मुस बि तहिना’, म्हणजे तिळाच्या वाटणासह चणा, असे आहे. ‘तहिना’ हा शब्द दळणे या अर्थाच्या अरबी धातूपासून आला आहे आणि आपण ज्याला ताहिनी म्हणतो ते हेच तिळाचे वाटण होय. प्रथमच हमस करणाऱ्याने हे पूर्ण नाव ध्यानात ठेवावे, कारण अनेक घरगुती प्रयोगांत चणा भरपूर आणि ताहिनी नावापुरती पडते, आणि मग हाती येते ते लिंबू पिळलेले चण्याचे कोरडे पीठ.

दुसरी गोष्ट आरंभीच सांगावीशी वाटते. हमस खरबरीत झाले की बहुतेक जण मिक्सरला दोष देतात आणि अधिक शक्तीचे यंत्र घेण्याच्या विचाराला लागतात. माझेही पहिले कित्येक प्रयत्न असेच रवाळ झाले होते, आणि ते सुधारले तेव्हा यंत्र तेच होते. फक्त चणे पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त शिजवलेले होते. उसळीसाठी चणा अखंड राहावा अशी आपली अपेक्षा असते, हमससाठी मात्र तो जवळजवळ विरघळायला आला पाहिजे. या लेखात चणे भिजवण्या-शिजवण्यावर आणि ताहिनीवर सर्वांत जास्त शब्द खर्च केले आहेत, ते याच कारणाने.

साहित्य

सहा ते आठ जणांना पुरेल इतक्या हमससाठी २५० ग्रॅम कोरडे काबुली चणे, २०० ग्रॅम ताहिनी, साधारण ६० मिलिलिटर ताजा लिंबाचा रस, लसणाच्या ३ मोठ्या पाकळ्या, दीड लहान चमचा मीठ, अर्धा लहान चमचा जिरेपूड, दीड लहान चमचा खाण्याचा सोडा आणि १०० ते १५० मिलिलिटर बर्फाचे पाणी लागेल. वरून घालण्यासाठी चांगल्या प्रतीचे ऑलिव्ह तेल, पार्सलीची पाने आणि सौम्य लाल मिरचीची पूड किंवा सुमाक घ्यावे. सुमाक ही एका झुडपाच्या आंबट फळांची गडद लाल भरड पूड असून लेव्हंटच्या, म्हणजे आरंभी सांगितलेल्या पूर्व भूमध्य पट्ट्याच्या, स्वयंपाकात ती लिंबाच्या जोडीने वापरली जाते. ती न मिळाल्यास काही अडत नाही. जिऱ्याबद्दल मतभेद आहेत, काही घरांत ते घालतात, काही घरांत ते घातलेले मुळीच चालत नाही. माझ्या मते थोडे जिरे चण्याचा कच्चट वास झाकते, पण चव जिऱ्याची लागू लागली तर ते जास्त झाले असे समजावे.

चणे निवडताना आकाराला भुलू नये. टपोरे चणे दिसायला सुंदर असतात, परंतु लेव्हंटमधील हमसची दुकाने बहुधा लहान दाण्याची जात पसंत करतात. आकारापेक्षाही महत्त्वाचे आहे ते चण्याचे वय. उष्ण आणि दमट जागी दीर्घकाळ पडून राहिलेल्या कडधान्याच्या पेशीभित्तिकांत असे बदल होतात की ते कितीही शिजवले तरी पूर्ण मऊ होत नाही. असे चणे घेऊन केलेली मेहनत वाया जाते, म्हणून ज्या ठिकाणी माल लवकर खपतो तेथूनच चणे घ्यावेत, आणि डब्याच्या तळाशी वर्षभर राहिलेले चणे दुसऱ्या कामासाठी ठेवावेत.

भिजवणे

चणे निवडून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन मोठ्या पातेल्यात घ्यावेत, त्यांवर सव्वा लिटर पाणी ओतावे आणि त्यात एक लहान चमचा सोडा विरघळवावा. भिजल्यावर चण्यांचे वजन साधारण दुप्पट होते, त्यामुळे भांडे आणि पाणी दोन्ही सढळ असावेत. १२ तास हा योग्य काळ आहे; ८ तासांनीही काम भागते, पण मग शिजवण्याचा वेळ वाढतो. हवा उष्ण असेल तर चणे भिजतानाच आंबू लागतात आणि पाण्यावर बुडबुडे व वास येतो, म्हणून उन्हाळ्यात भांडे फ्रिजमध्ये ठेवणे उत्तम.

सोडा का घालायचा, हे समजून घेतले तर पुढच्या अनेक शंका आपोआप मिटतात. वनस्पतींच्या पेशी एकमेकींना जोडून ठेवण्याचे काम पेक्टिन नावाचा पदार्थ करतो, आणि अल्कधर्मी पाण्यात तो लवकर तुटतो. याच्या उलट, आम्ल असलेल्या पाण्यात पेक्टिन टिकून राहते, म्हणून चणे शिजत असताना त्यात लिंबू, टोमॅटो किंवा चिंच यांपैकी काहीही पडता कामा नये. पाणी जड असेल, म्हणजे त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे प्रमाण अधिक असेल, तर हे क्षार पेक्टिनला आणखी घट्ट बांधतात आणि चणे तासन्‌तास शिजवूनही दडस राहतात. अशा ठिकाणी भिजवायला आणि शिजवायला गाळलेले मऊ पाणी वापरल्याने फरक स्पष्ट जाणवतो. सोड्याचे प्रमाण मात्र मोजूनच घ्यावे, कारण तो जास्त झाला की साबणासारखी चव येते आणि ती नंतर कशानेही जात नाही.

शिजवणे

भिजवलेले पाणी ओतून टाकून चणे स्वच्छ पाण्याने धुवावेत आणि चाळणीत निथळावेत. यानंतर एक छोटी कृती आहे, जी अनेक जण वगळतात. जाड बुडाच्या रुंद पातेल्यात निथळलेले चणे आणि उरलेला अर्धा लहान चमचा सोडा घालून, पाणी न घालता, मध्यम आचेवर दोन-तीन मिनिटे सतत परतावेत. सोडा प्रत्येक दाण्याच्या सालीला थेट लागतो, साली सैल होऊ लागतात आणि त्यांतल्या कित्येक परतताना सुटतातही. मग दीड लिटर पाणी घालून आच वाढवावी.

उकळी येताच पांढरा फेस वर येईल आणि त्याबरोबर साली तरंगू लागतील. फेस झाऱ्याने काढत राहावे आणि हाती लागतील तेवढ्या साली काढून टाकाव्यात, मात्र एकही साल राहू नये असा हट्ट धरू नये, कारण पुरेशा मऊ झालेल्या साली वाटणात मिसळून जातात. सोडा न वापरता एकेक चणा चिमटीत धरून सोलण्याची पद्धतही आहे. तिने हमस खरोखर अतिशय तलम होते, पण २५० ग्रॅम चणे सोलायला जो वेळ जातो तो पाहता नवशिक्याने तिच्या वाट्याला जाण्याची गरज नाही.

आच मंद ठेवून, भांड्यावर झाकण अर्धवट ठेवून चणे शिजू द्यावेत. ताजे चणे २० ते ४० मिनिटांत तयार होतात, जुन्यांना तासाहून अधिक वेळ लागू शकतो, म्हणून घड्याळाकडे न पाहता दाण्याकडे पाहावे. परीक्षा सोपी आहे: एक चणा काढून, थोडा थंड करून, अंगठा आणि तर्जनी यांत हलकेच दाबावा. तो जराही प्रतिकार न करता लोण्यासारखा पसरला पाहिजे आणि बोटांना मध्ये कणी लागता कामा नये. असे तीन-चार वेगवेगळे दाणे तपासावेत, कारण एकाच भांड्यातले सगळे दाणे एकाच वेळी शिजत नाहीत. ही परीक्षा उतरली की गॅस बंद न करता आणखी पाच मिनिटे थांबावे, अशी माझी शिफारस आहे. काही दाणे फुटून पाणी दाटसर दिसू लागले तर ते बिघडल्याचे लक्षण मानू नये. हमससाठी नेमके हेच हवे आहे.

प्रेशर कुकर वापरायचा असेल तर भांडे निम्म्याहून जास्त भरू नये, कारण सोड्यामुळे फेस अधिक येतो आणि तो वाफेच्या नळीत अडकू शकतो. आधी झाकण न लावता उकळी आणून फेस काढून टाकावा, मग झाकण लावावे, पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करून २० ते २५ मिनिटे ठेवावे आणि वाफ आपोआप जिरू द्यावी. वेळ वाचतो हे खरे, पण मधेच दाणा तपासता येत नाही, म्हणून पहिल्या खेपेला उघड्या पातेल्यातच चणे शिजवावेत असे मी सुचवेन.

डबाबंद चणे वापरणाऱ्यांनीही ते थेट वाटू नयेत. डब्यातला चणा खाण्यास तयार असला तरी हमससाठी तो अर्धवटच शिजलेला असतो. निथळून, भरपूर पाण्यात पाव चमचा सोड्यासह १५ ते २० मिनिटे उकळल्यास त्याचा पोत पार बदलतो.

शिजलेले चणे चाळणीत ओतताना खाली भांडे ठेवून एक वाटी पाणी राखून ठेवावे आणि सजावटीसाठी दोन-तीन मोठे चमचे अखंड दाणे बाजूला काढावेत. बाकीचे चणे दहा मिनिटे चाळणीतच राहू द्यावेत, म्हणजे वरची वाफ निघून जाईल. कडकडीत गरम चणे बंद मिक्सरमध्ये फिरवल्यास वाफेच्या दाबाने झाकण उडून भाजण्याचा धोका असतो. दुसरीकडे, पूर्ण गार झालेल्या चण्यातील स्टार्च घट्ट होतो आणि वाटण तितके तलम होत नाही. म्हणून हाताला कोमट लागतील अशा अवस्थेत चणे वाटायला घ्यावेत.

ताहिनी आणि तिची चटणी

चांगली ताहिनी सैलसर, फिकट रंगाची आणि चमच्यावरून सलग धारेने पडणारी असते. बाटलीत तेल वर आणि गाळ खाली अशी ती वेगळी होते, तेव्हा वापरण्यापूर्वी तळापर्यंत ढवळणे आवश्यक आहे; वरचे तेल तेवढे ओतून घेतले तर पुढच्या वेळी तळाशी कोरडा गोळा उरतो. इथिओपियातील हुमेरा भागातले तीळ ताहिनीसाठी नावाजलेले आहेत. खरेदी करताना शक्य असेल तर आधी चाखावी. हलका कडवटपणा तिळाचा स्वभावच आहे, पण जिभेवर मागाहून रेंगाळणारा तीव्र कडूपणा म्हणजे तीळ जास्त भाजले गेले किंवा ताहिनी जुनी झाली.

घरी करायची असल्यास साल काढलेले पांढरे तीळ २५० ग्रॅम घ्यावेत. पारंपरिक पद्धतीत भिजवून किंचित कुटलेले तीळ मिठाच्या पाण्यात टाकतात. कोंडा तळाशी बसतो आणि गर वर तरंगतो, तो काढून, भाजून जात्यावर दळतात. घरी इतके करण्यापेक्षा सोललेले तीळच आणावेत, कारण कडवटपणा मुख्यतः सालीत असतो. जाड कढईत मंद आचेवर तीन ते पाच मिनिटे सतत हलवत, खमंग वास सुटेपर्यंत आणि रंग जेमतेम बदलेपर्यंतच भाजावेत. तीळ तांबूस झाले तर ते चटणीला चालतील, ताहिनीला चालणार नाहीत. लगेच ताटात पसरून गार करावेत, मग मिक्सरमध्ये थांबत थांबत वाटावेत. तिळात जवळपास निम्मे वजन तेलाचे असते. आधी कोरडा कूट, मग ओलसर गोळा आणि शेवटी ओतता येईल असे वाटण, अशा तीन अवस्था दिसतील. तीन-चार मोठे चमचे वास नसलेले तेल घातल्यास शेवटची अवस्था लवकर येते. या वाटणात पाण्याचा थेंबही पडू देऊ नये.

आता लसूण. लसणाचा तिखट दर्प तो सोलल्याने येत नाही, तर ठेचल्यावर पेशी फुटून एक विकर मोकळे होते आणि त्यातून तीव्र वासाचे संयुग तयार होते. हे विकर आम्लात निष्प्रभ होते. म्हणून लसूण आधी ठेचून मग लिंबू पिळण्याऐवजी लसणाच्या पाकळ्या, लिंबाचा रस आणि अर्धा चमचा मीठ एकत्रच वाटावे, दहा मिनिटे तसेच ठेवावे आणि गाळून फक्त रस घ्यावा. लसणाची चव पूर्ण येते, पण दुसऱ्या दिवशी डब्यातून जो उग्र वास येतो तो येत नाही. ही एवढीशी गोष्ट कळल्यापासून मी कच्चा लसूण हमसमध्ये थेट घातलेला नाही.

या रसात ताहिनी घालून चमच्याने किंवा रवीने घुसळावे. येथे नवशिके हमखास घाबरतात, कारण पातळ ताहिनीत पातळ रस पडताच मिश्रण एकदम घट्ट, गुठळ्यांचे आणि कोरडे होते. ताहिनी ही तेलात तरंगणाऱ्या तिळाच्या बारीक कणांची बनलेली असते. थोडे पाणी मिळताच ते कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात. उपाय म्हणजे आणखी पाणी. बर्फाचे पाणी एकेक चमचा घालत घुसळत राहावे; पाच-सहा चमच्यांनंतर मिश्रण पुन्हा सैल होते आणि त्याचा रंग उजळून जवळजवळ पांढरा होतो. या चटणीला लेबनॉनमध्ये तरातूर म्हणतात आणि ती तशीच फलाफलवरही, म्हणजे वाटलेल्या चण्यांच्या तळलेल्या वड्यांवरही, घालतात.

वाटणे

मिक्सरच्या भांड्यात प्रथम फक्त कोमट चणे घ्यावेत आणि दोन-तीन मिनिटे, मधे थांबून कडा खरवडत, घट्ट गोळा होईपर्यंत वाटावेत. चणे घट्ट असतानाच पात्यांचा त्यांवर सर्वांत चांगला परिणाम होतो. सुरुवातीलाच पाणी ओतले तर कण पात्यांभोवती नुसते फिरत राहतात आणि रवा तसाच उरतो. भांडे लहान असेल आणि पाती अडत असतील तर राखून ठेवलेले शिजवण्याचे पाणी एक-दोन चमचे घालावे. त्यानंतर तयार तरातूर, उरलेले मीठ आणि जिरेपूड घालून पुन्हा फिरवावे, आणि मग बर्फाचे पाणी थोडे थोडे घालत आणखी तीन-चार मिनिटे वाटावे. घरगुती मिक्सर लवकर तापतो आणि त्याची उष्णता वाटणात उतरते. बर्फाच्या पाण्याने ती आटोक्यात राहते आणि हमस हलके होते. तरीही मोटार गरम झाली तर दोन मिनिटे विश्रांती द्यावी.

ऑलिव्ह तेल मिक्सरमध्ये घालू नये. चांगल्या ऑलिव्ह तेलात कडवट चवीची संयुगे असतात, आणि वेगाने फिरणाऱ्या पात्यांखाली त्यांचा कडूपणा उघडा पडतो. हमसला हवी असलेली स्निग्धता ताहिनी देते, तेलाची जागा वरच आहे.

मिश्रण कितपत पातळ असावे, याचे उत्तर असे की त्या क्षणी हवे त्याहून किंचित सैल. थंड होताना हमस निश्चितपणे घट्ट होते. चमच्याने उचलून पाडल्यावर ते मऊ ढिगासारखे पडावे आणि हळूहळू पसरावे. या टप्प्यावर चव घ्यावी. फिके लागले तर आधी मीठ वाढवावे आणि मगच लिंबाकडे वळावे, कारण बहुधा उणीव मिठाचीच असते. जड आणि चिकट वाटले तर लिंबाचा एक चमचा रस आणि थोडे बर्फाचे पाणी घालावे. फार पातळ झाले असेल तर एखादा चमचा ताहिनी घालून झाकून अर्धा तास ठेवावे. पीठ किंवा ब्रेड घालून दाटपणा आणण्याचा मोह टाळावा. ताहिनीच कडू असेल तर मात्र लिंबू, मीठ, साखर यांपैकी काहीही तिला वाचवू शकत नाही.

वाढणे

तयार हमस झाकून निदान अर्धा तास ठेवले की चवी एकजीव होतात. खोल वाडग्याऐवजी उथळ, पसरट ताटलीत ते घ्यावे, चमच्याची पाठ टेकवून ताटली फिरवावी, म्हणजे मध्ये खळगा आणि कडेला उंचवटा तयार होतो. खळग्यात राखून ठेवलेले चणे आणि सढळ हाताने ऑलिव्ह तेल घालावे, वर मिरचीपूड किंवा सुमाक आणि चिरलेली पार्सली भुरभुरवावी. मूळ प्रदेशात हमस सकाळच्या न्याहारीला, अनेकदा कोमट असतानाच खाल्ले जाते. सोबत गरम पिटा (तिकडची मऊ, चपटी रोटी), कच्चा कांदा आणि खारवलेल्या भाज्या असतात. फ्रिजमधले गारढोण हमस लगेच वाढू नये, कारण थंडीत त्याची चव मिटून जाते.

मूळ कृती हाताशी बसल्यावर तिची भावंडेही करून पाहावीत. मुसब्बहामध्ये बरेचसे चणे अखंडच ठेवून त्यांवर तरातूर आणि लिंबू घालतात, तर ‘हुम्मुस बि लहमे’ मध्ये खळग्यात परतलेला मसालेदार खिमा आणि पाइनच्या बिया येतात. हिरवी मिरची, लसूण आणि लिंबू यांची ‘तत्बिला’ नावाची पातळ चटणी वरून घातली की साध्या हमसला चांगलीच धार येते. बीट किंवा भाजलेली लाल ढोबळी मिरची घालून रंगीत वाटणे करण्यास हरकत नाही, पण साधे हमस दोन-तीनदा मनासारखे जमल्याशिवाय तिकडे वळू नये, कारण रंग आणि मसाले यांच्याखाली चण्याचा कच्चेपणा झाकला जातो आणि आपली चूक आपल्याला दिसत नाही.

साठवण आणि सावधगिरी

हमसमध्ये पाणी आणि प्रथिने भरपूर असल्याने ते बाहेर फार वेळ टिकत नाही. दोन तासांहून जास्त काळ खोलीच्या तापमानाला राहिलेले हमस परत ठेवू नये. स्वच्छ, झाकणबंद डब्यात, वर ऑलिव्ह तेलाचा पातळ थर देऊन, ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानाच्या फ्रिजमध्ये ते तीन-चार दिवस चांगले राहते. दर वेळी कोरडा, स्वच्छ चमचा वापरावा आणि लागेल तेवढेच वाटीत काढावे. आंबूस वास आला किंवा पृष्ठभागावर बुडबुडे दिसले तर ते टाकून द्यावे. फ्रीझरमध्ये ते दोन-तीन महिने ठेवता येते. वापरण्याच्या आदल्या रात्री फ्रिजमध्ये काढून ठेवावे आणि सुटलेले पाणी घुसळून पुन्हा एकजीव करावे. मी स्वतः मात्र तयार हमसऐवजी शिजवून निथळलेले चणे गोठवते, आणि हवे तेव्हा ते गरम पाण्यात पाच मिनिटे उकळून ताज्या तरातूरसह वाटते. त्याची चव गोठवलेल्या हमसपेक्षा कितीतरी सरस लागते.

पाहुण्यांसाठी हमस करताना कोणाला तिळाची अॅलर्जी आहे का, हे आधी विचारावे. तिळाची प्रतिक्रिया काही जणांत जिवावर बेतण्याइतकी तीव्र असते. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून वेष्टनावर तिळाचा उल्लेख प्रमुख अॅलर्जीकारक म्हणून करणे कायद्याने बंधनकारक झाले आहे आणि युरोपीय संघाच्या यादीतही तीळ आहेत. वाटलेल्या हमसमध्ये तीळ डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे खाणाऱ्याला स्वतःहून शंका येत नाही. अशा व्यक्तीसाठी ताहिनी वगळून चणे, लिंबू, लसूण आणि ऑलिव्ह तेल यांचे वाटण वेगळ्या, स्वच्छ धुतलेल्या भांड्यात, तिळाला हात लावण्यापूर्वीच करून ठेवावे.